हिरव्या पानाचे ड्रम

४ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

सोबतची बाटली उघडताना नाक धरू नकोस. तीस वर्षं ज्यांना पोसलं त्या माझ्या जनावरांचा हा अर्धा लिटर आहे. वर चार बोटं जागा मुद्दाम सोडलीय, नाहीतर गॅस धरून बूच उडतं. कुरियरवाल्याला आत काय आहे ते सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मागच्या वेळी फोनवर तू काहीतरी विचारलंस आणि मी भलतंच उत्तर दिलं, असं तुझी वहिनी म्हणाली. ब्लोअरच्या खोलीत, त्या हवेच्या यंत्रांच्या घरघरीत, तीस वर्षं काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालंय. डावा गेलाच, उजवा आला दिवस ढकलतोय. म्हणून पत्र. पत्रात निदान तुला ओरडावं लागत नाही.

आता बाटलीचं सांगतो. तू इतकी वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जिवाणू बघतेस, पण भावाचे कधी बघितले नाहीस. गावभरचं सांडपाणी माझ्या टाकीत येतं, मी त्यात हवा सोडतो, त्या हवेवर हा तपकिरी गाळ जगतो आणि गाळातले जिवाणू पाण्यातली घाण खातात. बाकी पंप आणि पाईप फिटर बघतो. माझं काम जनावरं जगवणं.

आणि ती जगवायला मी काय केलंय ते मलाच ठाऊक. वरच्या अंगाला तो अँटिबायोटिकचा कारखाना होता तेव्हा त्याचं पाणी आमच्याकडेच यायचं. सुरुवातीला ते आलं की टाकी पांढरी पडायची, जनावरं पटापट मरायची. मी उरलेली जपायचो, वाढवायचो. पुन्हा तेच पाणी, पुन्हा मर, पुन्हा उरलेली. पुढे पुढे काहीही येऊ दे, टाकी ढिम्म. कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली, पण तेव्हाचा काटकपणा अजून आहे.

नवीन टाकी सुरू करायची तर चालू टाकीतला गाळ विरजण म्हणून घालावा लागतो. आसपासच्या नऊ गावांनी माझंच विरजण नेलं. मी निळ्या ड्रममधून पाठवतो, आणि ड्रम परत यावेत म्हणून तुझी वहिनी प्रत्येक झाकणावर हिरव्या रंगाने एक पान काढते, वाटी-डब्यांवर खूण करावी तसं. आजवर एकही ड्रम परत आलेला नाही. ती म्हणते, लोकांना गाळ नको असतो, ड्रम हवा असतो.

मार्चअखेर मी निवृत्त होतोय. भिंगाखाली माझी जनावरं कशी दिसतात त्याचा एक फोटो काढ आणि मोठा करून पाठव. ऑफिसच्या भिंतीवर लावून जाईन. साहेबांच्या फोटोच्या शेजारी, साहेबांपेक्षा मोठा.

तुझा दादा


२१ ऑगस्ट

प्रिय दादा,

बाटली पोचली. फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवलीय आणि वर 'दादाची जनावरं, हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवलीय. आमच्या केमिस्टबाईंनी वास घेतला, आता त्या मला विचारल्याशिवाय फ्रिज उघडत नाहीत.

फोटो काढीन, पण लगेच नाही. रोज दोनशेच्या वर नमुने येतात आणि आम्ही तिघी. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणजे दोघी. सकाळी टेबलाशी बसते ती मान आखडली की उठते. शिवाय तुझी फार निराशा व्हायची. भिंगाखाली जिवाणू म्हणजे ठिपके नाहीतर काड्या. त्यांना तोंड नसतं, शेपूट असलंच तर दिसत नाही. साहेबांपेक्षा देखणे मात्र दिसतील.

वहिनीच्या मूत्रपिंडातल्या खड्याचं काय झालं? तू दीड पान गाळावर लिहिलंस आणि तिच्यासाठी एक ओळ नाही. तिचं दुखणं अंगावर काढू देऊ नकोस. उरकून टाका ऑपरेशन. साधं असतं, आठवड्यात घरी येईल.

तिला म्हणावं, ड्रमवर पान कशाला काढतेस, पत्ता लिही.

तुझी भिंगरी


११ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं ऐकलं. गेल्या सोमवारी ऑपरेशन झालं, खडा निघाला, डॉक्टरांनी मला तो बाटलीत घालून दाखवला. तुझी वहिनी म्हणाली, एवढासा, आणि यासाठी मी तीन वर्षं वाकून चालले. लघवीसाठी नळी घातली होती. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप उतरायचं नाव नाही. काल तपासणीचा कागद आला. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एकच शिक्का, चालत नाही. मी वर-खाली तीनदा वाचलं, वाटलं एखादं तरी नजरेतून सुटलं असेल.

इथल्या डॉक्टरांनी नमुना पुढच्या तपासणीसाठी तुमच्या लॅबकडे पाठवलाय. तुझ्याच टेबलावर येईल ना? दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

मला एक कळत नाही. ही बाई डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. उभ्या जन्मात तिने दोनदा अँटिबायोटिक घेतलं असेल. मग तिच्या अंगातले जिवाणू इतक्या औषधांना दाद न देणं कुठे शिकले?

ती बरी आहे असं सगळ्यांना सांगते. बोलताना दात वाजतात तिचे.

दादा


१६ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमुना माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. जिवाणू प्लेटवर पसरायचे आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. वहिनीच्या प्लेटवर चौदा चकत्या ठेवल्या. चौदाही चकत्यांना टेकून वाढ आलीय. एक पंधरावं औषध आहे, ते चकतीवर कळत नाही, नळ्यांमध्ये वेगळं बघावं लागतं. ते चालतंय. डॉक्टरांना आजच कळवलंय. जुनं औषध आहे आणि मूत्रपिंडाला जड पडतं, म्हणून ते रोज रक्त तपासतील. तू घाबरू नकोस.

कुठे शिकले, या प्रश्नाचं उत्तर असं की त्यांना स्वतः शिकावं लागत नाही. औषधाला तोंड द्यायची विद्या एका जनुकात असते, आणि पुष्कळदा ते जनुक जिवाणूच्या मुख्य साठ्यात नसतं, एका सुट्या बारीक कड्यावर असतं. त्या कड्याला प्लाझमिड म्हणतात. दोन जिवाणू शेजारी आले की एक जण दुसऱ्याला नळीसारखा धागा लावतो, कड्याची नक्कल करतो आणि देऊन टाकतो. देणाऱ्याकडे मूळ राहतंच. घेणारा त्याच जातीचा असावा लागत नाही. निरुपद्रवी जिवाणू सुद्धा रोग करणाऱ्याला देतो. एखादा मरून फुटला तर त्याची विखुरलेली जनुकं सुद्धा कोणी उचलून घेतो. वहिनीच्या जिवाणूंच्या कड्यावर अशी सात-आठ जनुकं ओळीने आहेत, एकदम सगळी मिळाली असणार. असे जिवाणू हॉस्पिटलांमध्ये बरेच असतात.

एक विचारायचं होतं. तुमच्या मागच्या वाफ्यात वहिनी भाजी लावते, तिला खत कुठलं घालता? सहज विचारतेय.

भिंगरी


२३ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

ताप उतरला. काल ती उशीला टेकून बसली आणि माझ्या शर्टाचं बटण तुटलंय हे तिला दिसलं, म्हणजे बरी होतेय. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडाचा आकडा थोडा वाढलाय, लक्ष ठेवून आहोत. तू शोधलेलं पंधरावं औषध चाललं. तुझ्यावरून जीव ओवाळून टाकावा असं तुझी वहिनी म्हणाली, मी म्हटलं तो अजून कामाचा आहे, ठेव.

जनुकांचं वाचून गंमत वाटली. जिवंतपणी नळी लावून वाटायचं आणि कोणी मेलं तर त्याचे खिसे चाचपायचे. आमच्या ऑफिसात असे दोन-तीन जण आहेत.

वाफ्याचं विचारलंस ते लक्षात आलं. ताज्या भाजीने ताकद येते, हेच ना तुला सुचवायचं होतं? खत आपलंच, टाकीतला गाळ वाळवून घालतो, दहा-बारा वर्षं झाली. तसे मुळे बाजारात मिळत नाहीत. तुझी वहिनी उपटते, माती झटकते आणि तिथेच उभ्याने खाते, धुवायला सांगितलं तर हसते. तू विचारल्यापासून मी रोज डब्यात वाफ्यातला पाला आणि मुळे नेतो. ती वॉर्डातल्या त्या उंच सिस्टरलाही देते. दोघींचं चांगलं जमलंय.

फोटोची घाई नाही. आधी हे उरकू दे.

दादा


२ नोव्हेंबर

भिंगरी,

तू परत गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. घरात आवाज नाही. तसाही मला ऐकू येत नाही, पण पूर्वी भांडं पडलं की जमिनीतून पायाला कळायचं.

शेवटचे चार दिवस मी डोक्यातून काढायचा प्रयत्न करतो. ताप परत आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषध वाढवलं तर मूत्रपिंड जाईल, नाही वाढवलं तर ताप. मला विचारत होते, काय करूया. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं वाढवा. तू फोनवर त्यांना काय सांगितलंस मला माहीत नाही. वाढवलं आणि मूत्रपिंड गेलं.

मी स्वस्थ बसलेलो नाही. तूच लिहिलं होतंस, असे जिवाणू हॉस्पिटलमध्ये असतात. नळी कोणी घातली हे मी शोधून काढलं. त्याच उंच सिस्टरने. हात धुतले नसणार, दुसरं काय. हिच्याशी गोड बोलायची, हिच्याकडून मुळे घ्यायची, आणि त्याच हातांनी. मी लेखी तक्रार केली. चौकशी बसलीय, तिला ड्युटीवरून उतरवलंय. माझ्या मते हे कमीच आहे.

चौकशीच्या साहेबांना लॅबचं पत्र हवंय. तुमच्या कागदावर, शिक्क्यासकट, एवढंच लिही की हे जिवाणू हॉस्पिटलमधून आले. वहिनीसाठी एवढं कर.

दादा


१० नोव्हेंबर

दादा,

ते पत्र मी देऊ शकत नाही. का ते सांगते. हे मी तुझ्यासमोर बसून सांगायला हवं होतं. तेरा दिवस तुझ्या घरी राहिले, रोज सकाळी तुझ्यापुढे चहा ठेवला, आणि दर वेळी उद्यावर ढकललं. तुला ऐकू येत नाही हे मी स्वतःला निमित्त दिलं. ओरडून सांगावं लागलं असतं आणि ते शेजाऱ्यांनी ऐकलं असतं.

वाफ्याबद्दल तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी फ्रिजमधून तुझी बाटली काढली. तुझ्या गाळातले जिवाणू त्याच औषधांच्या प्लेटवर टाकले. वाढले. मग त्यांच्यातलं जनुक आणि वहिनीच्या जिवाणूतलं जनुक शेजारी शेजारी लावून वाचलं. एकच आहे. आजूबाजूची सात जनुकं त्याच क्रमाने आहेत, कडं तेच आहे. तरी मी मानायला तयार नव्हते. आमच्याकडे एक गरीब जिवाणू असतो, कुठल्याही औषधाने मरतो, शिकाऊ मुलींना दाखवायला ठेवलेला. तो तुझ्या गाळातल्यांबरोबर एका नळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला एकही औषध मारू शकत नव्हतं.

असं झालं असणार. कारखान्याच्या पाण्यात जे जगले त्यांच्याकडे ही जनुकं होती. तू त्यांना वाढवलंस. दाटीत राहून त्यांनी ती एकमेकांना वाटली, एका कड्यावर गोळा झाली. वाळवलेल्या गाळातून वाफ्यात गेली, मुळ्यावरून वहिनीच्या पोटात. पोटातल्या साध्या जिवाणूंनी ती घेतली. वर्षानुवर्षं त्यांनी तिला काही केलं नाही, निरोगी पोटात ते करतही नाहीत. मग ऑपरेशन झालं, नळी बसली, आणि तिचेच जिवाणू तिच्या रक्तात गेले. सिस्टरने हात शंभर वेळा धुतले असते तरी हेच झालं असतं. मी कोर्टात शपथेवर सांगू शकणार नाही, इतकी खात्री कोणालाच देता येत नाही. पण तू मला विचारलंस तर मी हेच सांगेन.

ऑपरेशन उरका असं मीच लिहिलं होतं. बाटली तेव्हा माझ्याच फ्रिजमध्ये होती. वेळ नाही म्हणून उघडली नाही. तेव्हा तू एकटा नाहीस यात.

त्या बाईची नोकरी चाललीय, दादा. तक्रार मागे घे.

भिंगरी


३० नोव्हेंबर

भिंगरी,

तक्रार मागे घेतली. सिस्टरच्या घरी जाऊन आलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, तिने दार उघडलं आणि मी तक्रार मागे घेतल्याचा कागद तिच्या हातात दिला. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. तुझ्या वहिनीची आठवण काढून रडली. निघताना म्हणाली, मुळे फार गोड होते, माझी दोन्ही मुलं कच्चेच खायची.

त्या मुलांना काही होईल का? खरं लिही. आता लपवू नकोस.

वाफा खणून काढला, वर चुना टाकला. त्याने काही होतं का तेही लिही.

टाकीवर रोज जातो. टाकीतलं पाणी काचेच्या नळीत अर्धा तास ठेवलं की गाळ छान खाली बसतो, पाणी वर स्वच्छ येतं. पूर्वी ते बघितलं की दिवस चांगला जायचा. आता बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय काम होत नाही.

एकच विचारतो. कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली. आता ते औषध पाण्यात येतच नाही. मग ही विद्या त्यांना कशाला हवी? वापर नसला की माणूस सुद्धा विसरतो. मी शाळेतलं सगळं विसरलो. ते विसरतील ना कधीतरी?

दादा


१४ डिसेंबर

प्रिय दादा,

मुलांचं खरं लिहिते. निरोगी आहेत तोवर बहुतेक काही होणार नाही. पोटात काही महिने राहतील, काहींच्या पोटातून निघून जातात, काहींच्या जात नाहीत. पुढे कधी ऑपरेशन झालं, आजार झाला, तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. सिस्टरना मी वेगळं पत्र लिहिलंय, त्यांनी समजून घेतलं. चुन्याने वाफ्यातले मरतील बरेचसे. सगळे नाही.

विसरतील का, हे मलाही माहीत नाही. विसरायला हवेत असं पुस्तकात आहे, कारण कडं बाळगणं हे ओझंच असतं. म्हणून तुझे जिवाणू मी औषध नसलेल्या रश्शात वाढवायला घेतलेत. रोज सकाळी कालच्या नळीतला एक थेंब नव्या नळीत. औषधाचा मागमूस नाही, खायला भरपूर. केमिस्टबाईंना हे कामात बसत नाही हे कळतं, पण त्या बघून न बघितल्यासारखं करतात. चाळीस दिवस करीन. त्यात त्यांच्या जवळजवळ तीनशे पिढ्या होतात. आपल्या हिशेबाने सहा-सात हजार वर्षं.

जेवण नीट कर. बटण लावून घे.

भिंगरी


८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

विसरले का?

माझ्याकडे एक बातमी आहे. टाकीच्या तळाच्या हवेच्या नळ्या बदलायच्या आहेत, त्यासाठी टाकी रिकामी करायला मंजुरी मिळाली. मी वरच्या साहेबांना म्हटलं, रिकामी करतोच आहोत तर भिंती घासून, ब्लीचने धुवून, नव्याने सुरू करू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं फिरलंय. पण हो म्हणाले. मी जाणारच आहे, तर मन कशाला मोडा, असं असेल.

मला एवढंच करून जायचंय. एक टाकी तरी माझ्या हाताने स्वच्छ व्हावी. टाकीतलं पाणी नदीत जातं, खालच्या अंगाला लोक ते पितात, शेतं आहेत. नऊ गावांचं मी काही करू शकत नाही, त्यांना पत्रं लिहिली, दोघांची उत्तरं आली, आमचा प्लँट उत्तम चाललाय, आभारी आहोत. पण ही एक.

विरजण मात्र चांगलं हवं. डोंगरावर ते छोटं गाव आहे, चौदाशे वस्तीचं. कारखाना नाही, हॉस्पिटल नाही, दवाखाना सुद्धा आठवड्यातून एकदा. सहा वर्षांपूर्वी तिथे छोटी टाकी बसवली. तिथे माझं विरजण मी कधीच दिलेलं नाही, वहीत बघून खात्री केली. तिथला ऑपरेटर मिशीवाला, भला माणूस आहे, कळवलं तर त्याने लगेच बाटली पाठवली. तीच सोबत पाठवतोय. तपास आणि हो म्हण.

तुझा दादा


२९ जानेवारी

प्रिय दादा,

दोन्ही उत्तरं एकदम देते.

चाळीस दिवस झाले. शेवटच्या दिवशी शंभर वसाहती, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, वेगळ्या काढून औषधाच्या प्लेटवर टाकल्या. शंभरच्या शंभर वाढल्या. विसरले नाहीत. का ते शोधलं. त्या कड्यावर आणखी दोन जनुकं आहेत. एक विष बनवतं, दुसरं त्याचा उतारा. उतारा लवकर संपतो, विष टिकतं. जो जिवाणू कडं टाकून देतो त्याचा उताराही जातो आणि तो आतल्या विषाने मरतो. म्हणजे विसरणारे होतेच, पण विसरणारा जगत नाही.

डोंगरावरच्या बाटलीतही आहे. तेच कडं, तीच सात जनुकं, तोच क्रम. मला कळत नाही हे कसं. माझ्या हातून नमुने मिसळले असतील म्हणून पुन्हा केलं, तेच आलं. ती बाटली तुझ्या ऑफिसात उघडली होती का? मिशीवाल्यांनी तुझ्याकडची जुनी बाटली वापरली का? तू स्वतः जा, नवी कोरी बाटली घेऊन, आणि स्वतःच्या हाताने भर. तोवर टाकीत काही घालू नकोस. अजून आशा सोडण्यासारखं नाही, असं मी लिहिते आहे. खात्री नाही.

भिंगरी


४ मार्च

प्रिय भिंगरी,

नवी बाटली पाठवत नाही. लागणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा टाकी रिकामी झाली होती. आठ जणांनी पंधरा दिवस भिंती घासल्या, फिटर आणि मी दोरीने तळाशी उतरलो. ब्लीचने तीनदा धुतली. तीस वर्षांत मी टाकीचा तळ कधी बघितला नव्हता. करड्या रंगाचा आहे, साधाच. तिथे उभा राहिलो तेव्हा बरं वाटलं.

मग डोंगरावर गेलो. मिशीवाल्याने माझं फार स्वागत केलं. टाकी दाखवली, आमच्या टाकीच्या पावपट, पण कशी ठेवलीय. मी विचारलं, सुरुवातीला विरजण कुठून आणलं? म्हणाला, खालच्या वीटभट्ट्यांच्या गावातून. त्यांच्याकडे एक गाळ आहे, काही केलं तरी मरत नाही. वीटभट्टीवाल्यांना मीच दिलं होतं, वहीत आहे. त्यांनी पुढे कोणाला दिलं ते माझ्या वहीत कुठून असणार?

पंपाच्या खोलीमागे तो मला हात धुवायला घेऊन गेला. तिथे पाणी साठवायला एक निळा ड्रम होता. झाकणावर हिरवं पान. उन्हाने उडालंय, पण मधली शीर ती नेहमी जरा डावीकडे वळवायची, तशीच आहे.

मी झाकण मागितलं. तो म्हणाला, साहेब, नुसतं झाकण कसं देऊ, ड्रमच घेऊन जा. आतलं पाणी ओतून त्याने तो मागच्या मागे भरला हे मला माहीत नव्हतं. गाडीत चढवताना जड लागला म्हणून उघडून बघितलं. तुम्हाला रिकामा कसा देणार, म्हणाला, एवढ्या लांबून विरजणासाठी आलात. काठोकाठ भरला होता.

गावाचं सांडपाणी पाच आठवडे कच्चंच नदीत चाललं होतं. खालच्या गावात जुलाबाची साथ सुरू झाली, दोन लहान मुलं दगावली. साहेब म्हणाले, सोमवारी टाकी चालू झालीच पाहिजे. मी सगळीकडे विचारलं. ज्यांच्याकडे चालू टाकी आहे त्या प्रत्येकाकडे माझंच आहे, नाहीतर माझ्याकडून नेलेल्याकडून नेलेलं. नुसतं पाणी भरून वाट बघायची तर दोन महिने, आणि तेवढ्यात जे येणार ते याच गावाच्या पोटांतून येणार, म्हणजे पुन्हा तेच. तुला विचारायला वेळ नव्हता. विचारलं असतं तर तूही काय सांगणार होतीस?

सोमवारी डोंगरावरचा ड्रम मीच ओतला. मागून वीटभट्टीवाल्यांचे दोन टँकर आले. चौथ्या दिवशी टाकीला तपकिरी रंग चढला. इतक्या लवकर टाकी लागलेली मी कधी बघितली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला.

तुझी वहिनी म्हणायची, ड्रम एकही परत येत नाही. तिला सांगायला हवं होतं, एक आला.

फोटो पाठवू नकोस. भिंतीवर त्या जागी मी झाकण टांगलंय.

तुझा दादा